वाकड्या तोंडाचं घर

कुणाच्या तोंडावर काही बोलू नये, असं आमची आजी सांगायची आणि स्वतः मात्र गावातल्या एकूणएक माणसांच्या तोंडावर बोलायची. तेव्हा मी उतारवयात घरांच्या तोंडांवर बोलायला लागलो, यात घराण्याची परंपरा मोडली असं कुणी म्हणू नये. पुस्तकांवर टीका लिहिणारे पुष्कळ आहेत. नाटकांवर लिहिणारे तर नाटकांपेक्षा जास्त असावेत. परंतु रस्त्याने जाताना जे रोज फुकट पाहावं लागतं, आणि आवडलं नाही तरी ज्याच्या मध्यंतरात उठून जाता येत नाही, त्या घराच्या दर्शनी बाजूवर कुणी दोन ओळी खर्ची घालत नाही. ही उणीव भरून काढायचा योग मला आमच्या तिसगावच्या घरामुळे आला.

तिसगाव हे नगरहून पाथर्डीला जाताना करंजीचा घाट मागे टाकल्यावर लागतं. नगरचं २०२४ साली अहिल्यानगर झालं, पण एस.टी.त माझ्या शेजारी बसलेल्या म्हातारीने 'एक नगर' म्हणूनच तिकीट मागितलं आणि कंडक्टरने ते न चुकता योग्य गावाचं दिलं. असो. गावातलं आमचं घर जुनं. खाली काळ्या दगडाचं जोतं, त्यावर पांढऱ्या मातीच्या जाडजूड भिंती आणि डोक्यावर माळवद. मूळचं पाच खणांचं. दार मधल्या खणात, त्याच्या दोन्ही अंगांना दोन-दोन खण, पुढे सलग ओटा. म्हणजे आजोबांनी घर बांधलं तेव्हा त्याचं तोंड अगदी सरळ होतं.

ते वाकडं झालं १९७२ साली. त्या वर्षीच्या दुष्काळात विहिरी आटल्या, तशी घरातली मायाही आटली असावी. वडील आणि काका वेगळे झाले. पाच खणांचे दोन सारखे भाग गणिताच्या पुस्तकातसुद्धा होत नाहीत. दाराचा खण धरून तीन खण वडिलांकडे आले, दोन काकांकडे गेले, आणि बदल्यात काकांना गोठ्याची जागा मिळाली. मधून भिंत उभी राहिली. काकांनी आपल्या दोन खणांत नवं दार फोडलं. पुढे दादाचं लग्न झालं तेव्हा वडिलांनी आमच्या टोकाच्या खणावर स्लॅबची एक खोली चढवली, कारण नव्या जोडप्याला खोली हवी होती आणि पैसे एकाच खोलीपुरते होते. एकूण परिणाम असा, की आमच्या वाट्याच्या घराला डावीकडे डोक्यावर पागोटं आहे, उजवीकडे तोंड आहे, आणि मधे दोन खिडक्या, त्याही एकमेकींच्या सवती असल्यासारख्या, एक मोठी आणि एक लहान. पक्षाघात झालेला माणूस चहा पिताना जसा दिसतो तसं ते घर दिसायचं. आम्हां कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण आम्ही त्याच्या आत राहत होतो.

वाटायला लागलं ते पुतण्याचं लग्न ठरायची वेळ आली तेव्हा. मुलीकडची मंडळी घर पाहायला येणार होती. दादाने मला पुण्याहून बोलावून घेतलं. "तू शिकलेला आहेस, जरा दृष्टी टाक," असं तो म्हणाला. आमच्या घराण्यात शिकलेल्या माणसाने दृष्टी टाकायची आणि न शिकलेल्याने पैसे टाकायचे अशी वाटणी पूर्वीपासून आहे. ती १९७२ सालीही मोडली नव्हती.

मी पोचलो तेव्हा ठेकेदार ओट्यावर बसलेला होता. त्याने मला नमस्कार केला आणि मोबाइल पुढे धरला. "सर, इलेवेशन बघा."

इलेवेशन म्हणजे घराच्या तोंडाचं भावी चित्र. हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे आणि त्यावर टीका झालीच पाहिजे. या चित्रात घर कुणाचंही असो, त्याच्यासमोर एक तांबडी मोटार उभी असते. हिरवळ असते. दोन ताडासारखी झाडं असतात, आणि हिरवळीच्या कडेने एक गोरी बाई पर्स घेऊन कुठेतरी चाललेली असते. पाथर्डी तालुक्यात, जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहता पाहता माणसं जोतिषी होतात, तिथे ती हिरवळ कोण शिंपणार हे चित्रात दाखवलेलं नव्हतं. वहिनी बराच वेळ त्या गोऱ्या बाईकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "ही कोणाकडं आलीय?"

चित्रातलं घर मात्र सरळ होतं. ठेकेदाराने दार उचलून मधोमध नेलं होतं. उजवीकडे नसलेली खिडकी काढली होती. वरच्या खोलीच्या जोडीला दुसऱ्या टोकावर नुसती एक भिंत उभी केली होती. तिला खिडकी होती, खिडकीला काच होती आणि काचेमागे काही नव्हतं. "डमी आहे सर. रस्त्यावरून कळत न्हाई. दोन्ही साइड शेम दिसल्या का घर उठून दिसतं."

दादाला ते पटलं होतं. दोन्ही बाजू सारख्या असल्या की माणसाला बरं वाटतं, हे खरंच आहे. मलाही येताना तोच अनुभव आला होता. नगर सोडलं की थोड्या वेळाने डोंगरावर चांदबिबीचा महाल दिसतो. आठ बाजूंची तीन मजली इमारत. कुठूनही बघा, सारखीच. मात्र तो चांदबिबीचाही नाही आणि महालही नाही. ती निजामशाहीतल्या सलाबतखानाची कबर आहे. म्हणजे जिल्ह्यातल्या इतक्या सरळ तोंडाच्या इमारतीवरसुद्धा पाटी चुकीच्या माणसाची. शिवाय तिला दोन्ही बाजू सारख्या ठेवणं सोपं गेलं, कारण आत राहणाऱ्याने नंतर कधी मोरी वाढवून मागितली नाही.

सारखेपणाचं वेड किती टोकाला जातं हे पाहायचं तर आग्र्याला जावं. ताजमहालाच्या पश्चिमेला मशीद आहे. मग पूर्वेला काय? मशिदीची जोडी जुळावी म्हणून तिथे अगदी तशीच दिसणारी दुसरी इमारत उभी केली. तिचं नावच 'जवाब'. मक्केची दिशा पश्चिमेला, या इमारतीचं तोंडही पश्चिमेला. त्यामुळे आत शिरणाऱ्याची मक्केकडे पाठ होते, आणि मशीद म्हणून तिचा उपयोग नाही. आमच्या ठेकेदाराच्या भाषेत सांगायचं तर ती डमी मशीद. एवढा सगळा मेळ शहाजहानने जमवला आणि आत मुमताजची कबर बरोबर मधोमध ठेवली. पुढे १६६६ साली तो स्वतः वारला, आणि त्याची कबर तिच्या शेजारी एका बाजूला आली. सगळ्या ताजमहालात मेळाबाहेर काय असेल, तर खुद्द मालक.

हे मी दादाला सांगितलं. दादा म्हणाला, "ते बादशहाचं झालं. आपल्याकडं शनिवारी पाहुणे येणार आहेत."

टीकाकाराने अभ्यासाशिवाय मत देऊ नये, म्हणून मी संध्याकाळी गावात चक्कर मारली आणि घरांची तोंडं वाचली. तिसगावातली मी पाहिलेली घरं तीन वर्गांत बसतात.

पहिला वर्ग खोटं बोलणाऱ्या घरांचा. यांना पुढून तीन मजले असतात आणि बाजूने पाहिलं की दीड. वरचा कठडा इतका उंच चढवलेला, की मागे छप्पर आहे की आकाश आहे ते कळत नाही. दोन्ही बाजूंना खांब असतात आणि त्यांतला एक पोकळ असतो. अशा घरापुढे उभं राहिलं की चहाला बोलावतील पण देणार नाहीत, असं उगीच वाटतं.

दुसरा वर्ग भांडणाऱ्या घरांचा. ही मुळात एकच घरं. मधे वाटणी झालेली. निम्मं घर पोपटी, निम्मं गुलाबी, आणि रंग बदलतो ती रेघ दाराच्या पट्टीवरून, खिडकीच्या कोपऱ्यावरून, एका ठिकाणी तर कोनाड्याच्या बरोबर मधून गेलेली. एका भावाने जोत्याला फरशी लावली तर दुसऱ्याने मुद्दाम लावली नाही. इथे तोंड वाकडं व्हायचं कारण गवंडी नसतो, तलाठी असतो.

तिसऱ्या वर्गात एकच घर सापडलं. त्याचं दार एका टोकाला होतं. खिडक्या लहानमोठ्या होत्या. एक बाजू उंच, एक ठेंगणी. तरीही ते पाहून माझे पाय थांबले, आणि का थांबले हे लगेच कळेना. मी समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि पाहत राहिलो. मग ध्यानात आलं, की सगळ्या घराला एकच चुना होता. जोत्याची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग गेली होती. दार साधंच, पण तेल लावून पुसलेलं, त्यामुळे नजर आधी तिकडे जायची. आणि उंच बाजूच्या पार दुसऱ्या टोकाला, ओट्याच्या कडेवर, पाण्याचा एक रांजण आणि मागे शेवग्याचं झाड. एवढ्यावर त्या घराचा तोल सांभाळला गेला होता.

तोलाची ही गोष्ट आपल्या लोकांना नवी नाही. होळीपासून इकडच्या रस्त्याने मढीला कानिफनाथाच्या यात्रेची माणसं जातात. त्यांच्यातले कावडीवाले पाहावेत. कावडीच्या दोन्ही घागरी नेहमी सारख्या भरलेल्या असतात असं नाही. एकीतलं पाणी हिंदकळतं, एक मुळातच मोठी असते. म्हणून काही कावडीवाला हलक्या घागरीत दगड भरत नाही. तो दांडीखाली खांदा जरासा सरकवतो. जड घागर खांद्याजवळ घेतो, हलकी लांब सोडतो, आणि चालू लागतो. आमच्या ठेकेदाराची डमी खिडकी म्हणजे हलक्या घागरीतला दगड. त्या घराच्या मालकाने मात्र खांदा सरकवला होता. मढीच्या यात्रेत गाढवांचाही मोठा बाजार भरतो. गाढव दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखं असतं, पण म्हणून त्याला कुणी देखणं म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मोठ्या ठिकाणीही हेच. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या फाटकाला दोन खांब आहेत. फ्रेडरिक स्टीव्हन्स साहेबाच्या त्या इमारतीत एका खांबावर सिंह बसवला आहे आणि दुसऱ्यावर वाघ. दोन सिंह सहज बसवता आले असते. फ्रान्समध्ये शार्त्र गावाच्या चर्चला दोन मनोरे आहेत, एक सुमारे १०५ मीटरचा आणि दुसरा ११३ मीटरचा. साधा दिसतो तो बाराव्या शतकातला. दुसऱ्यावर १५०६ साली वीज पडली, तेव्हा तो लोकांनी आपल्या काळच्या पद्धतीने, नक्षीदार आणि उंच बांधला. धाकट्याचं तोंड थोरल्यासारखं असलंच पाहिजे असा हट्ट तिथे कुणी धरला नाही.

रात्री जेवणं झाल्यावर मी ते इलेवेशन पुन्हा मागून घेतलं. टीकाकाराने कलाकृती दोनदा वाचावी असा नियम आहे. दुसऱ्या वाचनात मला एक गोष्ट दिसली. चित्रात आमच्या भिंतीला लागून उजवीकडे निळं आभाळ होतं. त्यात दोन पक्षी उडत होते.

"दादा," मी म्हणालो, "आप्पाचं घर कुठं गेलं?"

आप्पा म्हणजे काकांचा मुलगा, आमचा चुलतभाऊ. काका गेल्यापासून तो नोकरीसाठी नगरला असतो. त्याचे दोन खण कुलपात आहेत. त्याच्या भिंतीचा गिलावा पडलेला, दाराला पाली, आणि ओट्याच्या त्या टोकाला काकांनी लावलेला कडुनिंब, तो तेवढा माजलेला. दादाचं आणि त्याचं गोठ्याच्या जागेवरून बोलणं बंद होतं. किती वर्षं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं, कारण ते सांगायला बोलावं लागलं असतं.

दादा चित्राकडे पाहत राहिला. म्हणाला, "त्यानं काढलं नसंल. त्याला आपलंच घर दिलंय रंगवायला."

बरोबरच होतं. ठेकेदाराला तीन खण दिले होते आणि त्या तीन खणांचा मध्य शोधायला सांगितलं होतं. तो बिचारा दार ओढून मधे आणत होता. ते दार मुळात मधोमधच होतं. आजोबांनी ठेवलं होतं तिथंच ते अजून उभं होतं, आणि सरकले होते ते आम्ही. घराचं तोंड वाकडं दिसायचं कारण अर्धं तोंड आम्ही मोजतच नव्हतो.

हे मी बरंच मोठ्या भाषणात सांगितलं. त्यावर कुणी काही बोललं नाही. फक्त वहिनी उठल्या, आत गेल्या आणि आप्पाच्या बायकोला फोन लावला. त्या दोघींचं बोलणं कधीच बंद नव्हतं, हे मला त्या रात्री कळलं. दादाला कळल्याचं त्याने दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराला नारळ दिला आणि गावातल्या एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं. त्याने भिंतीवर बोटाने टकटक केलं. मागे कधीतरी आम्ही खालच्या हातभर भागाला सिमेंट मारलं होतं. तो म्हणाला, "मातीच्या भितीला शिमिट चालत न्हाई, गुरुजी. आतली ओल भाईर येऊ देत न्हाई. मंग फुगवटा धरतं आन् पापुद्र्यावाणी सुटतं. तिला चुनाच पायजे." त्याने ते सिमेंट खरवडलं, मातीचा गिलावा केला आणि चुन्याची फक्की भिजत घातली. जोत्याच्या दगडाला दादाने एकदा हौसेने तांबडा ऑइलपेंट दिला होता. तो घासून काढायला दोन माणसं आणि दोन दिवस लागले. खाली काळा दगड निघाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. वाटणीच्या भिंतीला तो दगड ठाऊकच नव्हता.

आप्पा शुक्रवारी आला. ओट्यावर चढला नाही, कडुनिंबाखाली उभा राहिला. दादा आपल्या बाजूला उभा. दोघंही भिंतीकडे पाहत होते आणि भिंतीशीच बोलत होते.

"चुना एकच लावायचा म्हणताहेत," दादा भिंतीला म्हणाला.

"खर्च ज्याचा त्याचा," आप्पा भिंतीला म्हणाला.

"ते तर आहेच."

"कडुनिंब तोडायचा नाही."

"कोण तोडतंय!"

तेवढ्यावर करार झाला. टीकाकार म्हणून मला त्या झाडाबद्दल बोलायचं होतं. डावीकडच्या वरच्या खोलीचं जे वजन होतं ते उजव्या टोकाच्या त्या झाडाने पेललं होतं. काकांनी ते वाटणीनंतर लावलेलं, आणि वडिलांनी खोली बांधली तीही वाटणीनंतरच. एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन भावांनी आपापल्या टोकाला एकेक घागर बांधून ठेवली होती. पण मी बोललो नाही. काही टीका छापून येईपर्यंत दाबून ठेवावी.

आप्पाच्या बाजूला वेगळं दार आहे, खिडक्या निराळ्या आहेत. त्यामुळे घराच्या दोन्ही बाजू सारख्या झाल्या नाहीत, होणारही नाहीत. रंगही शेवटी तंतोतंत जमला नाही. आप्पाने खर्च ज्याचा त्याचा म्हटल्यामुळे नीळही ज्याची त्याची झाली. आमच्या चुन्यात वहिनींनी दोन चिमटी जास्त टाकली. त्याच्यात ती पडली की नाही कोण जाणे. निरखून पाहिलं तर मधल्या भिंतीपाशी पांढऱ्याचा पांढऱ्याला जोड दिसतो. रस्त्यावरून मात्र कळत नाही, आणि ठेकेदाराचं तेवढं एक वाक्य खरं ठरलं.

दारावरची गणेशपट्टी सर्वांत शेवटी हातात घेतली. तिच्यावर वर्षानुवर्षांच्या तेलाचा, शेंदराचा आणि रंगाचा थर होता. हाताखालच्या पोराने तो हळूहळू काढला. आतून गणपती निघाला. सोंड एका बाजूला वळलेली, एक दात पुरा आणि एक मोडका. पोरगं जरा वेळ बघत राहिलं. गवंड्याने दोन दिवस त्याला प्रत्येक गोष्ट सारखी करायला लावली होती. त्याने शिडीवरूनच विचारलं, "काकू, याचा येक दात मोडलाय. थोडा चुना उरलाय. लावू का?"

"हात लावशील तर बघ!" वहिनी म्हणाल्या. "तो तसाच असतो."

घराच्या अगदी मधोमध, ज्याच्याखालून आम्ही तीन पिढ्या वाकून आत गेलो, तो देवच मुळी एकदंत आणि वक्रतुंड. त्याला कुणी दुसरा दात बसवायला गेलं नाही. मग आम्ही खिडकीसाठी एवढा जीव का टाकत होतो, ते त्यालाच ठाऊक.

शनिवारी पाहुणे आले. मी ओट्यावर अशा बेताने बसलो होतो, की कुणी घराचं कौतुक केलं तर चर्चेला सापडावं. मुलीचे वडील उतरले, त्यांनी एकवार घराकडे पाहिलं आणि विचारलं, "नळाला पाणी कितव्या दिवशी येतं?" मुलीच्या आईने टाकी किती लिटरची आहे ते विचारलं. मुलीच्या मामाने वरच्या खोलीला जिना आतून आहे की बाहेरून, याची चौकशी केली. त्यांच्यापैकी एकालाही घराच्या तोंडाबद्दल काही म्हणायचं नव्हतं, आणि माणसाने मुलगी देताना विचारायचे प्रश्न हेच आहेत हे मला कबूल केलं पाहिजे.

फक्त मुलीचे आजोबा मागे राहिले होते. ते रस्त्यावरच काठी टेकून उभे होते. वरच्या खोलीपासून कडुनिंबापर्यंत त्यांनी सावकाश नजर फिरवली, आणि दादाला विचारलं, "हे एवढं सगळं तुमचंच का?"

आप्पा तिथेच होता. पाहुण्यांना पाणी द्यायला तो तांब्या घेऊन उभा होता. दादाने त्याच्याकडे पाहिलं, मग घराकडे पाहिलं. म्हणाला, "हो, आमचंच."

"लाइटबिल वेगवेगळं येतं," आप्पा म्हणाला, आणि त्याने आजोबांच्या हातात तांब्या दिला.